सोडल्याची तारीख

भोसरीच्या शेडमध्ये मी सात वर्षं वायरी गुंफल्या.
लाल, तिच्या शेजारी पिवळी, काळी सगळ्यात शेवटी;
डोळे मिटले तरी हात चुकायचा नाही.
एका शनिवारी सुपरवायझरने ओळखपत्रं गोळा केली
आणि प्रत्येकीच्या हातात फराळाचा एकेक पुडा ठेवला.
दिवाळीत उरलेले पुडे.
चिवड्याला खवट वास.

मग अर्ज.
मग प्रलंबित.
फाल्गुनात प्रलंबित, चैत्रात प्रलंबित,
माझ्या पोराला हा शब्द परीक्षेत आला
तर वाक्यात उपयोग तो झोपेत करील.

खिडकीतला माणूस वाईट नव्हता.
एवढंच म्हणायचा, सिस्टीमला दिसत नाही.
काय दिसत नाही
ते त्यालाही दिसत नव्हतं.

फाटकाबाहेर झेरॉक्सवाल्याच्या वळचणीला मणेरचाचा बसतात.
एका कारखान्यात टाइमकीपर होते.
कारखान्याच्या जागी आता बारा मजले आणि पोहायचा तलाव,
चाचांची वेळ पाळायची खोड तेवढी उरली.
बरोबर साडेनऊला घडीची खुर्ची उलगडतात.
किती द्यायचे विचारलं तर म्हणतात,
झेरॉक्सचे दोन रुपये त्याला दे, माझं डोकं नको खाऊ.

माझी फाइल त्यांनी उघडलीच नाही.
मोबाईल घेतला, चष्मा कपाळावर ढकलला,
पडदा नाकापाशी नेऊन एकच रकाना शोधला.
"काम सोडल्याची तारीख," म्हणाले, "कोरी आहे.
बाई, तू अजून कामावर आहेस."

पीएमटीत दांड्याला लटकून तेच घोळत राहिलं.
म्हणजे कुणीतरी आहे,
माझ्या नावाची, माझ्याच जन्मतारखेची,
रोज सव्वासातला पंच करते.
तिला डबा लागत नाही. तिच्या टाचा दुखत नाहीत.
वाण्याकडे तिची उधारी नाही.
पगार तिलाही नाही,
पण ती आहे म्हणून मला भत्ता नाही.
सवत असती तर झिंज्या तरी धरल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी चाचांनी पत्र सांगितलं, मी लिहिलं.
"विनंती एकदाच घाल. दोनदा घातली की कागद हलका होतो.
एक प्रत कंपनीला, एक इथे, एक तुझ्या उशाखाली.
आणि पोच-शिक्का घेतल्याशिवाय
कुठलीही पायरी उतरायची नाही."

कंपनी तोवर चाकणच्या पुढे गेली होती.
नवी इमारत, काचेचं दार,
मला बघून ते आपोआप उघडलं, तेवढंच.
एचआरमधली मुलगी माझ्या भाचीच्या वयाची.
पत्र वाचून तिने जीभ चावली:
"अय्या, राहून गेलं."
आणि आठ आकडे टाइप केले.
एवढ्या वेळात माझ्या चार वायरी होतात.

गुरुवारी रकाना भरलेला दिसला.
चाचा खुर्चीतून उठून उभे राहिले, हात जोडले:
"अभिनंदन. आजपासून तू रीतसर बेकार."
झेरॉक्सवाला इतका हसला
की कुणाच्या तरी आधारकार्डाची प्रत तिरकी निघाली.
चहा मी पाजला. उधारीवर.

पैसे अजून आलेले नाहीत.
प्रलंबित गेलं, प्रक्रियेत आलं.
चाचा म्हणतात, सरकला ना शब्द, मग पैसाही सरकेल.
बघू.

रात्री मात्र मला त्या दुसरीचंच वाईट वाटलं.
सात महिने रिकाम्या शेडमध्ये एकटी,
दिवे बंद, टेबलं उचलून नेलेली,
लाल, पिवळी, काळी.
तिला जाताना कुणी खवट चिवडासुद्धा दिला नाही.

सोमवारी कमल भालचिमला घेऊन जायचंय.
तिची तारीख भरलेली आहे,
पण कामावर लागली
त्याच्या आदल्या वर्षाची.